राजीनामा देऊ नकोस

कराड,
१२ जुलै

चि. केतकीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

मेथकुटाचा डबा पोचला का ते आधी कळव. यंदा डाळी जरा जास्त भाजल्या गेल्यात, त्यामुळे रंग गडद आहे, पण चव छान उतरली आहे. मऊ भातावर तूप घालून खा, रोज रोज बाहेरचं मागवू नकोस. इकडे पावसाने जोर धरलाय. संगमावरच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, तरी माणसं रोज पूर बघायला जातातच. शेजारच्या जोशीकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. त्या तुझी आठवण काढतात.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, मी नोकरी सोडून घरीच येते. मी असले की बाबा कमी पितात." तेव्हा तुझा धाकटा भाऊ ओंकार जवळ होता म्हणून मी काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. बाळा, या घरात हे वाक्य नवं नाही. तुझी आजी हेच म्हणायची, "मी आहे तोवर विलास ताब्यात आहे." पुढे तुझी आई तेच म्हणू लागली. आता तू, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हैदराबादेत चांगली नोकरी असताना.

तू दिवाळीला येतेस तेव्हा विलास चार दिवस कमी पितो, हे खरं आहे. तो तुझा बाप आहे, त्याचा तुझ्यावर जीव आहे. पण पाचव्या दिवशी तो प्यायला की तू काय म्हणतेस ते मी ऐकलंय. "काल मी रागाने बोलले म्हणून प्यायले." म्हणजे तो न प्यायला तर तुझ्यामुळे आणि प्यायला तरी तुझ्यामुळेच. माणसाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक घोटाचा हिशेब तू आपल्या नावावर मांडून ठेवला आहेस. नोकरी सोडून इथे आलीस तर तुझा अख्खा दिवस त्या हिशेबात जाईल. तो किती वाजता बाहेर पडला, खिशात किती होते, येताना पाय कसे पडत होते. दुसरं काही तुला सुचणार नाही.

आजीचं सांगते, कारण ते तुझ्या जन्माआधीचं आहे, तुला सगळं माहीत नाही. विलास पंचविशीत प्यायला लागला. आजी रात्री बारा-साडेबारापर्यंत त्याच्यासाठी जेवायची थांबायची. शेजारी विचारत, तर "रात्रपाळी आहे" म्हणायची. त्याची हॉटेलातली उधारी फेडायला तिने दोन पाटल्या मोडल्या आणि आम्हाला सांगितलं की विहिरीवर पाणी भरताना हरवल्या. तिचं प्रेम खरंच होतं, त्यात खोट नव्हती. पण विलासला एक गोष्ट पक्की कळली की उधारी कितीही झाली तरी कुणीतरी फेडतं. मग सगळ्यांनी ठरवलं, लग्न करून दिलं की सुधारेल. आपल्याकडे किती घरांत हाच उपाय करतात! दारू पिणाऱ्याला बायको आणून द्यायची, आणि पिणं थांबलं नाही तर तीच कमी पडली म्हणायचं. तुझी आई उंबऱ्यावरचं माप ओलांडून आली ती या कामावरच आली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

विलास वाईट माणूस नाही. दारूचं व्यसन हा आजार आहे, आणि तो वैद्यकात आजार म्हणूनच नोंदलेला आहे. घरच्यांच्या प्रेमाच्या कमी-जास्तीने तो होत नाही, आणि जातही नाही. आपलंच घर असं आहे असं वाटून तू मैत्रिणींपासून लपवतेस, म्हणून एक आकडा सांगते. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना त्यासाठी मदतीची गरज आहे, असं दिलं आहे. व्यसन पक्कं जडलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात, असंही त्यात आहे. आता प्रत्येकामागे एक आई, एक बायको, एखाददुसरं मूल धर. इतकी घरं आज रात्री दाराकडे कान लावून बसलेली असतील.

आपल्या घरात सगळे काय करतात, तर छप्पर गळतंय आणि जो तो खाली बादल्या ठेवत फिरतोय. आजीने ठेवल्या, तुझी आई ठेवते, तूही ठेवतेस. जमिनीवर पाणी दिसत नाही, म्हणून छपरावर चढायची वेळ कुणावरच येत नाही. मागच्या महिन्यात कारखान्यावर साहेबांना फोन कुणी केला, "बाबांना ताप आहे" म्हणून? तू केलास, साहेब तुझ्या मैत्रिणीचे वडील, म्हणून ओळख होती. पतसंस्थेचं कर्ज कुणी फेडलं? तू, बोनसमधून. आणि तीन महिन्यांत त्याने दुसरीकडून उचललं. तुझ्या आईने त्याचे उलटीचे कपडे पहाटे चारला धुऊन वाळत घातले, म्हणजे गल्लीला कळू नये. सकाळी विलास उठला तेव्हा घर स्वच्छ, चहा तयार, नोकरी शाबूत. काल काय झालं हे त्याला कळणार कुठून?

याला व्यसनमुक्तीत काम करणारे लोक कोडिपेंडन्सी म्हणतात. त्याला दारूवाचून चैन पडत नाही आणि आपल्याला त्याला सांभाळल्यावाचून. आपली झोप, भूक, हसू सगळं त्याच्या पावलांच्या आवाजावर ठरायला लागतं. आणि हळूहळू ते सांभाळणं हेच आपलं मोठेपण वाटू लागतं. तुझ्या आईला कुणी "किती सोसलंस गं" म्हटलं की तिचा चेहरा उजळतो, पाहिलंयस ना? मला ते पाहून फार वाईट वाटतं.

मग त्याला वाऱ्यावर सोडायचं का, असं तू विचारशील. तर अजिबात नाही. एवढंच लक्षात ठेव, जीव वाचवायचा, अब्रू वाचवायची नाही. शुद्ध हरपेपर्यंत प्यायला असेल तर त्याला कुशीवर झोपवायचं, उताणं नाही, उलटी घशात अडकून माणूस दगावतो. हाक मारून उठत नसेल, श्वास मंद झाला असेल, तर लगेच दवाखान्यात न्यायचं. हे सगळं करायचंच. पण साहेबांना खोटा फोन नाही, उधारी फेडायची नाही, पाहुण्यांना "बरं नाहीये" सांगायचं नाही. त्याच्या पिण्याची किंमत त्याची त्याला दिसू दे. नोकरीवरून नोटीस आली तर येऊ दे. ती नोटीस वाचून कदाचित तो पहिल्यांदा स्वतः म्हणेल की मला ॲडमिट करा.

दोन गोष्टी मात्र तुझ्या आईला मीही सांगेन, तूही बजावून सांग. भिंतींवर जाहिराती असतात, "न सांगता दारू सोडवा", म्हणून. चहात, भाजीत घालायची पूड किंवा गोळी. तसलं काही आणायचं नाही. डॉक्टर जी एक गोळी देतात तिच्यावर दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, जिवावर बेततं. म्हणून ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असते. दुसरं, त्याला खोलीत कोंडून एकदम दारू बंद करायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. त्यातही माणूस जातो. सोडवायची ती दवाखान्यातच.

शाळेत असताना मी अशी मुलं खूप पाहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना बाप पिणारा आहे का हे मुलाला विचारावं लागत नाही. एखादं पोर सकाळी पहिल्या तासालाच बाकावर डोकं टेकून झोपतं. एखादं सारखं भांडतं. आणि एखादी मुलगी असते, तिच्या वह्यांना कव्हर असतं, धाकट्या भावाचं नाक तीच पुसते, प्रगतिपुस्तकावर आईची सही तीच करून आणते. तिची सगळे वाखाणणी करतात. तू तशीच होतीस गं. शाळकरी पोर होतीस, विलासची लुना कोपऱ्यावर वळली की आवाजावरून तुला कळायचं आज प्यायलेत की नाही. लगेच ओंकारचं ताट उचलून त्याला आत न्यायचीस, गोष्ट सांगून झोपवायचीस. "गुणाची पोर" असं सगळं गाव म्हणायचं. त्या पोरीला कुणी विचारलं नाही की तुला भीती वाटते का. मी आज विचारते. तुला अजून भीती वाटते ना? रात्री अकरानंतर फोन वाजला की छातीत धस्स होतं ना? मग त्या भीतीवर उपचार तुझे तुला करायचे आहेत, आणि बाबा दारू सोडतात की नाही यासाठी ते अडवून ठेवायचे नाहीत.

ओंकारचं वेगळं आहे. बारावीचं वर्ष, पण घरी थांबतच नाही. पोट दुखतं म्हणून दोनदा दाखवून आणलं, डॉक्टर म्हणतात काही नाही. मी त्याला माझ्याकडे अभ्यासाला बोलावते, गुपचूप येतो, पोहे खातो, बोलत मात्र काही नाही. व्यसन लागण्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, म्हणून त्याच्याशी उघड बोललं पाहिजे. मित्रांत 'एकच घोट' म्हणून सुरू होतं. तू थोरली बहीण आहेस, तुझं तो ऐकेल. फक्त आई होऊन सांगू नकोस, ताई म्हणून बोल.

तुला आठवतं का, चार वर्षांपूर्वी विलास ॲडमिट होऊन आला, तेव्हा सात-आठ महिने त्याने थेंबही घेतला नव्हता? मला वाटलं आता तुझी आई, सुजाता, सुखाने झोपेल. पण ती तेव्हा जास्त चिडचिडी झाली होती. खिसे तपासायची, तोंडाचा वास घ्यायची, तो व्यसनमुक्तीच्या मीटिंगला गेला तरी संशय. आषाढीला हट्टाने त्याच्या गळ्यात माळ घातली. माळ घालून कित्येकांची सुटलेली मी पाहिली आहे, माझी श्रद्धा आहे तिच्यावर. पण ती ज्याची त्याने घालायची असते. पुढे एका हळदीत तो पुन्हा प्यायला, आणि सुजाता मला म्हणाली, "ताई, मला माहीतच होतं." त्या आवाजात दुःख होतंच, पण सुटल्यासारखंही काहीतरी होतं. ओळखीचं काम परत मिळाल्यासारखं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नकोस. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झाली, तिच्या संस्थापकांपैकी एक बिल विल्सन. त्याच्या बायकोने, लॉइसने, वर्षानुवर्षं नोकरी करून त्याला पोसलं, सांभाळलं. त्याची दारू सुटली आणि तो रोज सभांना जाऊ लागला. एकदा त्याने तिलाही सभेला चलण्याची घाई केली, तर तिने संतापून पायातला बूट काढून भिरकावला. मग तिची तीच चकित झाली. इतकी वर्षं जे मागत होते ते मिळालं, मग हा राग कुठला? तिच्या लक्षात आलं की त्याला सुधारणं हेच तिचं आयुष्य होऊन बसलं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी करून टाकलं होतं. पुढे १९५१ मध्ये तिने एका मैत्रिणीसोबत घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी केली, अल-अनॉन. दारू पिणारा येवो न येवो, सुधारो न सुधारो, त्याच्या घरच्यांनी तिथे यायचं. तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही की हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात राहणार नाही आणि तुम्ही ते बरं करू शकणार नाही. भारतातही त्यांचे गट आहेत, ऑनलाइन सभाही होतात.

आणि आपलं पुण्याचं मुक्तांगण तर जवळच आहे. डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या, येरवड्याला काम करायच्या. त्यांनी आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात दिला. तिथे पेशंटइतकंच त्याच्या घरच्यांकडे लक्ष देतात, बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. मागच्या खेपेला, विलास ॲडमिट होता तेव्हा, सुजाता एकदाच गेली, नंतर "मला काय झालंय?" म्हणून टाळलं. या वेळी मी तिला सोबत घेऊन जाईन. बस मी बघते, तू तिकिटं काढू नकोस. बघ, हेही काम तू लगेच आपल्याकडे ओढशील म्हणून आधीच लिहून ठेवलं.

पैशाचं बोलते. दर महिन्याला विलासच्या खात्यात पाठवतेस ते बंद कर. सुजाताच्या नावाचं वेगळं खातं काढलं आहे, तिचं एटीएम कार्ड माझ्या कपाटात राहील. ओंकारची फी कॉलेजात परस्पर भर, लाइटबिल ऑनलाइन भर. रोख एक रुपया नको. तो रडेल, तुझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेईल, मग शिव्याही देईल. प्यायलेला असताना त्याच्याशी एक शब्द बोलू नकोस, फोन ठेव. बोलायचं ते सकाळी, चहा झाल्यावर, थोडक्यात. "बाबा, ॲडमिट व्हायचं असेल तर खर्च मी करीन. दारूसाठी आणि दारूच्या कर्जासाठी देणार नाही." एवढंच. आणि जे करायची तयारी नाही ती धमकी कधी देऊ नकोस. "परत तोंड बघणार नाही" असं तू तीनदा म्हणालीस आणि तिन्ही वेळा रविवारी फोन केलास. त्याला तुझ्या बोलण्याची किंमत कळायला हवी असेल तर थोडं बोल आणि तेवढं पाळ.

त्याने कधी हात उचलला तर मात्र गप्प बसायचं नाही, हे सुजाताला मी बजावलंय. ११२ ला फोन करायचा किंवा १८१ ला, आणि सरळ माझ्याकडे यायचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बायकांच्या बाजूने आहे. आजारी आहे म्हणून मारायची मुभा मिळत नाही.

तुझ्या लग्नाचं विचारणार नव्हते, पण विचारतेच. निखिलला तू अजून काही सांगितलेलं नाहीस असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. "आधी बाबा सुटू देत, मग बघू" असं म्हणून किती दिवस थांबवशील त्याला? सगळं खरं सांग. ऐकून तो मागे सरला तर आताच सरलेला बरा. आणि थांबला, तर त्यालाही सुधारायच्या कामाला लावू नकोस, आणि तूही त्याच्या मागे आई होऊन राहू नकोस. अशा घरातल्या मुली सांभाळायला कुणीतरी लागतं म्हणून पुन्हा पिणाराच जोडीदार निवडतात, हे मी माझ्याच विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिलं आहे. मला तुझी फार काळजी वाटते ती याचीच.

विलास माझा धाकटा भाऊ आहे. भाऊबीजेला तो अजून सकाळी अंघोळ करून, न पिता, सगळ्यात आधी येतो, ओवाळून घेतो आणि माझ्या पाया पडतो. तो बरा व्हावा असं मला तुझ्याइतकंच वाटतं. पण त्याच्या बरं होण्यासाठी तुझी आजी संपली, सुजाता अर्धी झाली, आणि त्याच्या पिण्यात एका क्वार्टरचाही फरक पडला नाही. तिसरा बळी मी देऊ देणार नाही.

तेव्हा या शनिवारी दोन कामं कर. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर बोल, घरच्यांनाही ते सल्ला देतात. मन फारच जड झालं तर १४४१६ वर टेली-मानस आहे, तिथे चोवीस तास कुणीतरी ऐकायला असतं. आणि तिकडे अल-अनॉनची सभा कुठे भरते ते शोधून एकदा जाऊन ये. बोलायला जमलं नाही तर नुसती बसून ऐक. मग मला फोन कर, रविवारी दुपारी मी मोकळी असते. विलासचं काय चाललंय ते मी तुला सांगणार नाही, तूही विचारू नकोस. तू काय जेवलीस, कुठे गेलीस, कुठला सिनेमा पाहिलास, ते सांग.

नोकरी सोडू नकोस. राजीनाम्याची ईमेल लिहून ठेवली असशील तर पुसून टाक आणि पुसली म्हणून मला कळव.

तुझी,
आत्या